माणशी एक ओमेर

रोज सकाळी अब्बा गाडीच्या लोखंडी पायरीवर पाच बाटल्या ओळीनं मांडायचे आणि काठोकाठ भरायचे. प्रत्येक बाटली २ लिटरची, प्रत्येकीच्या गळ्यात वेगळ्या रंगाची दोरी. निळी दोरी मधल्या मुलाची. धाकटी जेमतेम चार वर्षांची, तिची बाटली कधीच संपत नसे, तरी तिलाही तेवढंच. दिवसभराचं पिण्याचं पाणी एवढंच. स्वयंपाक, भांडी, अंग पुसणं यांचा हिशेब निराळा, तो टाकीच्या काट्यावर चालायचा. टाकी २०० लिटरची. जपून वापरलं तर आठवडा निघे. शुक्रवारी दुपारी ती पुन्हा भरून आणायची, म्हणजे शनिवारी शब्बाथला, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तोटा पडायला नको.

ॲरिझोनातलं क्वार्ट्झसाइट हे गाव उन्हाळ्यात ओस असतं आणि हिवाळ्यात माणसांनी भरतं. उत्तरेत बर्फ पडायला लागलं की निवृत्त मंडळी आपापली फिरती घरं घेऊन इथल्या वाळवंटात उतरतात. गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाचा सरकारी माळ आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या सात महिन्यांसाठी ठरावीक शुल्क भरलं की त्या माळावर गाडी लावून राहता येतं. वीज गाडीच्या टपावरच्या सौर तावदानांची, पाणी आपण आणू तेवढं. सांडपाणीही गाडीच्याच टाकीत साठवून ठरल्या जागी नेऊन ओतायचं.

या कुटुंबाचं रस्त्यावरचं हे चौथं वर्ष. घर विकलं होतं, सामान वाटून टाकलं होतं. कागदोपत्री पत्ता साउथ डकोटाचा, कारण कायम फिरतीवर असणाऱ्यांना तिथे रहिवासी होणं सोपं जातं. मुलं शाळेत जात नव्हती. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत मुलांना घरी शिकवायला कायद्यानं मुभा आहे, नियम तेवढे राज्यागणिक वेगळे. इथे घर म्हणजे ३१ फुटांची गाडी, आणि शाळा गाडीच्या दाराबाहेर सुरू व्हायची. थोरली बारा वर्षांची. सग्वारो निवडुंगाला पहिला हात फुटायलाच ५० ते ७५ वर्षं लागतात हे कळल्यापासून ती माळावरच्या प्रत्येक सग्वारोचे हात मोजून वहीत त्याचं वय मांडायची. चोया निवडुंगाचे काटे बोटांनी उपटू नयेत, कंगव्याच्या दोन दातांच्या फटीत धरून उडवावेत, हे मधला स्वतःच्या पोटरीवर शिकला होता. गावातल्या कबरस्तानात दगडी पिरॅमिडवर तांब्याचा उंट उभा आहे. ती हाजी अलीची कबर. १८५६ मध्ये अमेरिकन लष्करानं वाळवंटासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेला हा उंटवाला. अमेरिकनांनी त्याच्या नावाचं ‘हाय जॉली’ करून टाकलं. त्या एका कबरीवर आईनं इतिहासाचे तीन दिवस काढले.

धर्माचं शिक्षणही असंच रस्त्यावर चालायचं. शुक्रवारी सूर्य मावळण्याच्या १८ मिनिटं आधी आई मेणबत्त्या लावायची. मग शनिवारी रात्री तीन तारे दिसेपर्यंत गाडी हलायची नाही, चूल पेटायची नाही. सुक्कोथच्या सणाला फांद्यांचा मांडव घालून त्यात सात दिवस जेवायचं असतं. बैलगाडीवर नाहीतर गलबतावर घातलेला मांडवही चालतो, असं मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात स्पष्ट लिहिलंय, हे वाचून थोरली हरखली होती. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्यासारख्या फिरत्या लोकांचा विचार करून ठेवला होता, याचा तिला फार आधार वाटला. मलाही वाटतो.

आई बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू समाजाची लेक. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, त्यातून सात जोडपी वाचली, त्यांचे आपण वंशज, अशी या समाजाची पिढीजात कथा. ही माणसं घाण्यावर तेल गाळायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. मुलांची आजी १९६०च्या दशकात अलिबागकडून निघाली ती थेट इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या दिमोना गावी पोचली. जिथे पाऊस चार महिने कौलांवर नाचतो तिथून, जिथे ढग दिसला तर माणसं दारात येतात तिथे. आई दिमोनातच जन्मली. मराठी तिला आजीच्या तोंडून आली आणि देवनागरी ‘मायबोली’ या इस्रायलमधल्या मराठी नियतकालिकाचे अंक चाळता चाळता. पुढे लग्न होऊन ती अमेरिकेत आली. मुलांना मराठी ऐकून कळायची, बोलायची वेळ आली की इंग्रजी पुढे यायची, आणि वाचता तर एकालाही येत नव्हतं.

निघताना आजीनं तिला एक वही दिली होती. पणजीची. लाल पुठ्ठ्याची, शाईच्या पेनानं भरलेली. सणांचे पदार्थ, त्यांची मापं, बायकांनी म्हणायची गाणी, कुणाच्या लग्नात कुणी काय दिलं त्याच्या नोंदी. घर विकताना आईनं पुस्तकांची कपाटं रिकामी केली, लग्नातली भांडी देऊन टाकली, पण वही ठेवली. आजीच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून, खोक्यात घालून, जेवणाच्या बाकाखालच्या कप्प्यात अगदी मागे सरकवली. तिथे ऊन नाही, धूळ नाही, कुणाचा हात नाही. १४ वर्षांत तिनं ती किती वेळा उघडली, हे पुढे येईलच.

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. त्या आठवड्याचा तोराचा, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाचा, पाठ वाळवंटातल्या मान्नाचा. गुलामीतून सुटलेले लोक वाळवंटात भुकेनं कुरकुरायला लागतात, तेव्हा रोज पहाटे दवाबरोबर त्यांच्यासाठी अन्न उतरतं. नियम एकच, माणशी एक ओमेर गोळा करायचं. ओमेर म्हणजे आजच्या मापानं २ लिटरांच्या थोडं वर. ज्यानं जास्त गोळा केलं त्याचं मापात उरलं नाही, ज्यानं कमी केलं त्याला कमी पडलं नाही. उद्यासाठी कुणी लपवून ठेवलं तर सकाळी त्यात किडे पडलेले असायचे आणि घाण वास यायचा. फक्त शुक्रवारी दुप्पट गोळा करायचं, ते मात्र शब्बाथपर्यंत चांगलं राहायचं.

“अब्बा, म्हणजे आपल्या बाटल्या!” थोरली म्हणाली.

“म्हणूनच २ लिटरच्या घेतल्या,” अब्बा म्हणाले.

मधल्यानं विचारलं, “ज्यांनी लपवलं, ते वाईट होते का?”

अब्बा थोडा वेळ थांबले. बाहेर क्रिओसोटच्या झुडपाखाली लाव्यांचा थवा दाणे टिपत होता, नराच्या डोक्यावरचा काळा तुरा पुढे झुकलेला. “घाबरलेले होते,” ते म्हणाले. “गुलामाला उद्याची खात्री कधी नसतेच. ती सवय एका दिवसात कशी जाईल?”

मधला पुढे काही बोलला नाही. आपल्या बाटलीची निळी दोरी बोटाला गुंडाळत राहिला. नऊ वर्षांचं पोर गप्प बसलं तर मोठ्यांना हायसं वाटतं, त्या दिवशीही तसंच झालं.

बुधवारी संध्याकाळी तू बिश्वात लागणार होता. हे झाडांचं नवीन वर्ष, श्वात महिन्याची पौर्णिमा. बेने इस्रायलींच्या घरी या दिवशी मलिदा करतात. भिजवलेले पोहे, खोवलेलं खोबरं, गूळ, वेलची, वर बदाम-बेदाणे, भोवती खजूर, केळी, सफरचंद अशी फळं. आणि मग एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन आभार मानायचे. एरवीही आजारातून माणूस उठलं, लग्न ठरलं, नवस फेडायचा असला की मलिदा होतोच. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर या संदेष्ट्याच्या रथाची खूण उमटली आहे अशी श्रद्धा आहे, आणि तू बिश्वातला समाजाची माणसं तिथे जमतात. आजी लहानपणी तिथे गेलेली. यंदा रस्त्यावरचा पहिला मलिदा करायचा, असं आईनं ठरवलं होतं. सव्वाशे मैलांवरच्या फीनिक्समधून पोहे आणून ठेवले होते. शेजारच्या गाडीतल्या म्हाताऱ्या जोडप्याला आमंत्रणही देऊन झालं होतं. राहिलं होतं ते पणजीचं माप.

बुधवारी सकाळी आईनं बाकाची फळी उचलली आणि मान मागे घेतली. नासलेल्या दुधाचा आंबूस वास आला. तिनं हात घातला तर खालचं कापड ओलं. पुढची दोन खोकी बाहेर काढली, आणि मागे, वहीच्या खोक्याला खेटून, दुधाचे प्लास्टिकचे मोठे कॅन उभे केलेले दिसले. एक, दोन, नऊ. सगळ्यांत पाणी. दुधाच्या कॅनचं प्लास्टिक पातळ असतं, आणि कितीही विसळलं तरी दुधाचा अंश त्याला धरून राहतो. दोन कॅन शिवणीवर उकलले होते आणि त्यातलं पाणी मुरत मुरत साडीच्या तुकड्यातून वहीत गेलं होतं.

आई काही बोलली नाही. खाली बसली. वही मांडीवर घेतली तर पुठ्ठ्याचा लाल रंग तिच्या तळव्याला लागला. आतलं पहिलं पान उघडलं. त्यावर निळ्या शाईचा नुसता ढग होता, ढगात एखादी वेलांटी, एखादी रेघ.

दारात मधला उभा होता. त्यानं पळून जायचा प्रयत्न केला नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे.

“मीच,” तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ऑक्टोबरात युटामध्ये असताना एका सकाळी नळ सुस्कारला आणि कोरडा पडला होता. टाकी रात्रीत रिकामी झाली होती. पाणी मिळेपर्यंत अडीच तासांचा रस्ता, धाकटीला ताप, आणि गाडीत प्यायला फक्त पीचच्या डब्यातला पाक. अब्बांनी गाडीखाली जाऊन पाहिलं तर टाकीचा तळाचा नळ ढिला होता. रस्त्याच्या हादऱ्यांनी सुटला असेल, असं सगळे म्हणाले. तो हादऱ्यांनी सुटला नव्हता. आदल्या संध्याकाळी थेंब कसा पडतो ते बघायला मधल्यानं तो फिरवला होता आणि पुरता बंद केला नव्हता. त्या दिवशी धाकटीनं पाणी मागितलं आणि आईनं तिच्या ओठांना पाक लावला, ते त्यानं मागच्या बाकावरून पाहिलं होतं. तेव्हापासून तो रोज आपल्या बाटलीतलं थोडं थोडं पाणी मागे टाकत होता. कॅन कचऱ्यातून काढायचे, धुवायचे, भरायचे, लपवायचे. तीन महिने हे पोर वाळवंटात अर्धं तहानलेलं हिंडत होतं.

अब्बा जमिनीवरच त्याच्या शेजारी बसले. “त्या दिवसापासून मी रात्री दोनदा उठून काटा बघतो,” ते म्हणाले. “मला वाटायचं, गाडीत मी एकटाच जागा असतो.” मग त्याला बाहेर नेलं, गाडीखाली दोघं पालथे पडले, आणि तळाचा नळ कसा आवळायचा, त्यावर चिकटपट्टीचा वेढा कसा द्यायचा, ते दाखवलं. “रोज सकाळी हे तू बघायचंस. बघून झालं की मला सांगायचं, म्हणजे आपण दोघंही रात्री झोपू.”

इकडे थोरलीनं घडीचं टेबल उन्हात मांडलं होतं. वहीची शिवण तशीही सुटली होती. आई एकेक पान अलगद वेगळं करी, थोरली ते टेबलावर पसरी आणि चार कोपऱ्यांवर चार गारगोट्या ठेवी. या गावाचं नावच गारगोटीवरून पडलेलं, मुलांनी माळावरून गोळा केलेल्या ढीगभर गारगोट्या अखेर कामाला आल्या. वाळवंटातली हवा इतकी कोरडी, की शेवटचं पान मांडेपर्यंत पहिलं कुरकुरीत व्हायला लागलं होतं. बरीच पानं वाचली होती. आतल्या घडीपर्यंत पाणी पोचलं नव्हतं. गेली ती पुढची आठ-दहा, आणि मलिद्याचं पान त्यातलंच. ‘शेर’ एवढा शब्द लागत होता. किती शेर, ते गेलं होतं.

“पण आई,” थोरली दबकत म्हणाली, “पाठात एक बरणी ठेवलेली असते ना? एक ओमेर मान्ना कायमचं जपून ठेवतात. ते तर नासत नाही. तू वही तशीच ठेवली होतीस.”

आईनं हातातली गारगोटी खाली ठेवली. “ती बरणी का ठेवली, ते वाच बरं पुन्हा.”

थोरलीला पाठ होतं. “पुढच्या पिढ्यांना दिसावं म्हणून.”

“हो ना. आणि मी बाकाखाली ठेवली. चौदा वर्षांत दोनदा उघडली असेल, तीही आहे का बघायला.” हे ती मधल्याकडे बघून म्हणाली. त्यानं पहिल्यांदाच मान वर केली.

ॲरिझोनात सकाळचे साडेआठ म्हणजे दिमोनात संध्याकाळचे साडेपाच. तिथे सण लागलाच होता, आजीचे पोहे केव्हाचे भिजले होते. फोनच्या पडद्यावर आधी तिचं कपाळ दिसलं, मग चष्मा. आईनं एका दमात सगळं सांगून टाकलं, रडली, पुन्हा सांगितलं.

“भिजली होय?” आजी म्हणाली. “मग आता तरी उघडलीस. मी दिली तेव्हा म्हटलं होतं, वाचत जा गं.”

“माप गेलं, आई. किती शेर होतं?”

“माप कसलं विचारतेस! ते आमच्या आळीचं माप. चाळीस माणसं जेवायची. तुझ्याकडे किती जण आहेत?”

“पाच. आणि शेजारची दोघं.”

“मग सात मुठी घाल, आणि एक वर.” आजीनं डोळे बारीक केले. “ज्यानं पाणी लपवलं तो कुठाय? त्याला पुढे कर.”

मधला पुढे आला.

“अरे, आमच्याकडे पाऊस एवढा, पण वैशाखात विहीर तळाला जायची,” आजी त्याला सांगायला लागली. तो तिची मराठी ओठांकडे बघून ऐकत होता. “माझी आई पहाटे उठून विहिरीवर बसायची. पाणी चढलं की एक घागर, पुन्हा चढलं की दुसरी. आळीतल्या सगळ्या बाया बसायच्या. कुणी चार घागरी आधी उपसून घरात लपवल्या तर दुसरीच्या पोराला पाणी नसायचं, आणि ते पोर आमच्याच ओटीवर खेळायला यायचं. भीती सगळ्यांनाच वाटायची, बाळा. म्हणून तर सगळ्या एकत्र बसायच्या.” मग एकदम म्हणाली, “पेन घे. पान गेलंय ना? आता तू लिही.”

“मला लिहिता येत नाही,” तो म्हणाला. हे तो मराठीत म्हणाला.

“तुझ्या आईला येतं.”

आईनं टेबलाजवळच्या वाळूत बोटानं ‘प’ काढला. काना दिला, वर मात्रा दिली. मधल्यानं ते चित्र काढावं तसं वाळलेल्या कागदावर उतरवलं. शाईच्या फिक्या निळ्या ढगावर काळ्या बॉलपेननं वाकडं, मोठं ‘पो’. मग ‘हे’. मग ‘गूळ’, त्यातला ‘ळ’ त्याला फार आवडला, तीनदा काढला. नारळ, वेलची. मध्येच धाकटी येऊन विचारून गेली की कॅनमधलं घाणेरडं पाणी कुणाला द्यायचं. अब्बांनी ते पालो वेर्देच्या झाडाच्या हिरव्या खोडाशी ओतायला सांगितलं. आज रात्री त्याचं नवं वर्ष आहे, म्हणाले. ती नऊ खेपा मोजत गेली.

“आजी,” मधल्यानं फोनकडे बघून विचारलं, “पाणी किती?”

“कशाला?”

“पोहे भिजवायला. पाण्याचं माप काय लिहू?”

आजी हसली. तिच्यामागे दिमोनातलं स्वयंपाकघर उजळलं होतं, कुणीतरी ताटात केळी मांडत होतं. “त्याला माप नाही रे. पोहे आपले आपण पितात. हाताला मऊ लागले की थांबायचं.”

आईनं वाळूत अक्षरं काढली. ओळ लांब होती, तिला मागे सरकत सरकत लिहावी लागली. मधला गुडघ्यांवर रांगत तिच्या मागोमाग जात एकेक अक्षर कागदावर घेत राहिला: पाणी, पोह्यांना लागेल तेवढं. मग तो उठला, पोह्यांचं पातेलं पायरीवर आणलं आणि निळ्या दोरीची बाटली उघडली.